यंत्रांना फुटलेली वाचा

बिदरचा किल्ला आपणांपैकी बहुतेकांनी पाहिला असेल. त्या किल्ल्यातील जुन्या वास्तूंची माती ही बिदरी कारागिरांची मोलाची ठेव आहे. सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबे अशा मिश्रधातूची सुरई किंवा डबी ओतावयाची, तिच्यावर नक्षी कोरून त्या खाचांत चांदीची तार बसवावयाची, आणि शेवटी नवसागर व ही माती कालविलेल्या कढत पाण्याचा तिला संस्कार द्यावयाचा. म्हणजे धातूचा पृष्ठभाग काळाभोर होतो आणि चांदी मात्र तशीच लखलखत राहते. २००६ साली या कलेस भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु या सर्व कृतीत अत्यंत नवलाची गोष्ट निराळीच आहे. कोणती माती कामास येईल आणि कोणती येणार नाही, हे जुने कारागीर ती जिभेवर ठेवून ठरवितात! तेथे प्रयोगशाळा नाही की तराजू नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सरावाने तयार झालेली जीभ हेच त्यांचे मापनयंत्र होय.

असाच दुसरा अनुभव गुऱ्हाळावर येतो. काहिलीतील रस आटत आला की गुळव्या त्यातील थोडा पाक गार पाण्यात सोडतो, बोटांनी त्याची गोळी वळून पाहतो आणि काहील उतरविण्याची आज्ञा देतो. त्या क्षणी उष्णतामापक लावला, तर पारा ११५ ते १२० अंश सेल्सिअसच्या दरम्यान दिसेल. गुळव्यास हा आकडा कदाचित सांगता येणार नाही; पण त्याच्या बोटांना तो ठाऊक असतो. क्षणभर उशीर झाला तर गूळ करपतो, क्षणभर घाई झाली तर ढेप बसत नाही. एका माणसाच्या बोटांवर साऱ्या काहिलीचे भवितव्य अवलंबून असते.

आज कारखानदारीत जे मोठे स्थित्यंतर घडत आहे, त्याचे मर्म या दोन उदाहरणांत साठविलेले आहे. जे ज्ञान आजवर माणसाच्या जिभेत, बोटांत आणि कानांत होते, ते मोजून आकड्यांत उतरविण्याची आणि ते आकडे एका यंत्राने दुसऱ्यास कळविण्याची विद्या आता मनुष्याने साध्य केली आहे. ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद वदविले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. आजच्या कारखान्यातील लोखंडाचे रेडेही बोलू लागले आहेत. ते काय बोलतात, कसे बोलतात, आणि त्यांचे बोलणे कोणी ऐकावयाचे, हे समजून घेणे अगत्याचे आहे. कारण ज्या उसावर आपल्यापैकी कित्येकांचे घर चालते, त्याचा दामसुद्धा आता या बोलण्याशी जोडला जात आहे.

यंत्राने स्वतःची स्थिती स्वतः ओळखावी, ही कल्पना तशी नवी नव्हे. जेम्स वॅट याने १७८८ साली आपल्या वाफेच्या यंत्रावर दोन फिरते गोळे बसविले. वेग वाढला की गोळे दूर फाकत आणि वाफेची झडप आपोआप मिटू लागे. वेग मंदावला की गोळे जवळ येत आणि झडप उघडे. पुढे १९६८-६९ मध्ये अमेरिकेत डिक मॉर्ली व त्याच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या कारखान्यासाठी एक छोटा गणकच यंत्राशेजारी आणून बसविला. काम बदलावयाचे झाल्यास तारांची जुळणी नव्याने करण्याऐवजी केवळ आज्ञा बदलल्या की भागू लागले. १९९९ मध्ये केविन अ‍ॅश्टन याने ‘वस्तूंचे इंटरनेट’ हा शब्दप्रयोग केला, आणि २०११ साली जर्मनीतील हॅनोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनात ‘उद्योग ४.०’ हे नाव पुढे आले. वाफ ही पहिली क्रांती, वीज ही दुसरी, गणकयंत्र ही तिसरी आणि परस्परांशी बोलणारी यंत्रे ही चौथी, असा या नावाचा अर्थ आहे.

आता ही वाचा फुटते तरी कशी? त्यासाठी दूर जावयास नको. आपल्या जिल्ह्यात हल्लीखेड, हुणजी, जनवाडा या गावांची नावे साखर कारखान्यांमुळे घरोघर माहीत आहेत. तेव्हा साखर कारखान्याचेच उदाहरण घेऊ.

उसाची गाडी प्रथम वजनकाट्यावर येते. त्या काट्याच्या फलाटाखाली पोलादाचे जाड ठोकळे असतात. गाडीच्या भाराने पोलाद दबते, परंतु इतके अल्प की डोळ्यांस ते दिसणार नाही. त्या ठोकळ्यावर अतिशय बारीक तारेची जाळी चिकटविलेली असते. पोलाद दबले की तारेची लांबी किंचित बदलते, लांबी बदलली की विजेला होणारा तिचा अडथळा बदलतो, आणि तो अडथळा मोजून भाराचा आकडा काढता येतो. भार, उष्णता, दाब, कंप अशा कोणत्याही गोष्टीचे विजेच्या खुणेत रूपांतर करणाऱ्या अशा साधनास संवेदक म्हणतात. कारखान्यातील मंडळी त्यास सेन्सर म्हणतात. संवेदक हे यंत्राचे इंद्रिय झाले. ही खूण तारेने अथवा बिनतारी मार्गाने वाहून नेणे ही दुसरी पायरी. ती गणकयंत्रात साठवून पूर्वीच्या नोंदींशी ताडून पाहणे ही तिसरी. आणि त्या ताळ्यावरून झडप उघडणे, पट्टा थांबविणे किंवा माणसास सावध करणे ही चौथी. इंद्रिय, मज्जातंतू, स्मरण आणि कृती या चार गोष्टी एकत्र आल्या, म्हणजे यंत्र बोलते झाले.

या बोलण्याचा उपयोग पाहा. उसाचा रस काढणारे लोखंडी लाट ज्या बेअरिंगांवर फिरतात, ती झिजू लागली की त्यांचा कंप बदलतो आणि ती तापू लागतात. जुना अनुभवी फिटर लाकडी दांड्याचे एक टोक यंत्रावर व दुसरे कानाशी धरून हा बिघाड ओळखीत असे. पण तो रात्रंदिवस प्रत्येक बेअरिंगपाशी उभा राहू शकत नसे. संवेदक मात्र तेथेच बसलेला असतो. त्यास झोप नाही, जेवणाची सुट्टी नाही. कंपाची रेघ नेहमीपेक्षा वर चढू लागली की तो काही दिवस अगोदर इशारा देतो, आणि सोयीची वेळ पाहून दुरुस्ती करता येते. याचे महत्त्व किती? समजा, एखादा कारखाना दिवसास २,५०० टन ऊस गाळतो. म्हणजे ताशी सुमारे १०४ टन झाले. अचानक चार तास गाळप बंद पडले, तर चारशेहून अधिक टन ऊस गव्हाणीबाहेर उन्हात वाळत पडतो. तोडलेल्या उसातील साखर तासातासाने घटत असते. गाडीवाल्याचा खोळंबा होतो तो निराळाच.

पुढे रस तापविला जातो, निवळला जातो, आटविला जातो, आणि शेवटी निर्वात पॅनमध्ये त्याचे दाणे पडू लागतात. तेथील हवा काढून घेतलेली असल्यामुळे पाक शंभर अंशांच्या पुष्कळ खाली, ६५ ते ७० अंशांच्या आसपास उकळतो व करपत नाही. दाणा केव्हा धरला आणि केव्हा पुरा वाढला, हे पॅनमन पाकाचा थेंब काचेवर घेऊन उजेडात न्याहाळून ठरवी. आज पाकाची घनता, उष्णता व निर्वाताचे प्रमाण सांगणारी साधने बसविता येतात आणि नियंत्रण कक्षातील पडद्यावर साऱ्या पॅनची स्थिती एका दृष्टिक्षेपात दिसते.

या आकड्यांचा आपल्या घराशी कसा संबंध येतो, तेही पाहू. शंभर किलो उसापासून जितके किलो साखर निघते, त्यास साखर उतारा म्हणतात. उसाचा रास्त व किफायतशीर दर या उताऱ्याशी बांधलेला असतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलमागे ३५५ रुपये असा दर ठरविला, आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्यास ३.४६ रुपये अधिक. म्हणजे उतारा एका टक्क्याच्या केवळ दशांशाने वाढला, तर टनामागे ३४ रुपये ६० पैसे, आणि शंभर टन ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यास ३,४६० रुपये अधिक मिळावयास हवेत. एका दशांशात एखाद्या मुलाच्या वर्षाच्या वह्यापुस्तकांचा खर्च सामावलेला आहे! तेव्हा मोजमाप ही केवळ अभियंत्याच्या कुतूहलाची गोष्ट नव्हे. ती न्यायाचीही गोष्ट आहे.

येथे एक शंका कोणी काढील. वजने, उष्णतामान, उतारा यांच्या नोंदी कारखान्यात पूर्वीही होतच होत्या. मग नवे ते काय? नवे आहे ते नोंदींचे नाते. पूर्वी तोडणीची चिठ्ठी शेतकी खात्याच्या फाइलीत, वजन काट्यावरच्या वहीत, रसाची परीक्षा प्रयोगशाळेच्या नोंदवहीत आणि बिघाडाची नोंद अभियंत्याच्या टेबलावर राही. चारही वह्या खऱ्या. पण त्यांची परस्परांशी ओळख नसे. आता त्या एकमेकींशी जोडल्या जातात. अमुक गावचा ऊस तोडल्यापासून गव्हाणीत पडेपर्यंत किती तास लागले, त्या काळात यंत्र किती वेळ बंद होते आणि त्या दिवशी उतारा किती घटला, हे एकत्र मांडता येते. मग उतारा कमी का लागला, या प्रश्नास ‘यंदाचा ऊसच तसा’ असे मोघम उत्तर देऊन चालत नाही. अशा जोडलेल्या नोंदींच्या साठ्यास आज डेटा म्हणतात, आणि पुष्कळ जाणते लोक त्यास कारखान्याचे नवे भांडवल मानतात.

साखरेच्या धंद्याप्रमाणेच इतर कारखान्यांतही हे परिवर्तन चालू आहे. मराठी मुलखाला यंत्रविद्येची परंपरा नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर घडविला आणि १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षांनी, १४ फेब्रुवारी २०१५ रोजी, पुण्याजवळ चाकण येथे जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीच्या एका नव्या धर्तीच्या कारखान्याचे उद्‌घाटन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. यंत्रांना संवेदकांनी व गणकांनी जोडून, एकाच छपराखाली निरनिराळ्या उद्योगांचे सुटे भाग घडवावयाचे, ही त्यामागील योजना होती. पुढे २०२४ मध्ये मूळ कंपनीची विभागणी पुरी झाली आणि चाकणचा कारखाना तिच्या विमानविषयक शाखेकडे आला. विमानाच्या इंजिनाचा भाग घडविताना केसाच्या जाडीहून कमी अंतराची चूकही चालत नाही. तेथे प्रत्येक भागाची मापे नोंदवून ठेवणे हा निर्मितीचाच एक भाग होऊन बसतो. लहान कारखानदारांनाही ही विद्या आत्मसात करता यावी, म्हणून केंद्र सरकारच्या अवजड उद्योग मंत्रालयाच्या ‘समर्थ उद्योग’ योजनेखाली पुण्यात सी-फोर-आय-फोर नावाची प्रयोगशाळा काम करीत आहे.

यंत्राची ही वाचा कारखान्याच्या कुंपणाबाहेरही ऐकू जावी, असाही एक प्रयत्न आपल्या देशात झाला आहे. ५ फेब्रुवारी २०१४ रोजी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सर्व राज्यांच्या मंडळांना असा निर्देश दिला की, अधिक प्रदूषण करणाऱ्या सतरा प्रकारच्या उद्योगांनी आपल्या सांडपाण्यावर व धुराड्यावर अखंड मोजणारी साधने बसवावीत आणि त्यांचे आकडे थेट मंडळाकडे पोचतील अशी व्यवस्था करावी. साखर, मद्यार्क, औषधे व सिमेंट हे उद्योग या सतरांत मोडतात. पूर्वी निरीक्षक येई त्या दिवसाचे पाणी तपासले जाई. आता वर्षाच्या प्रत्येक दिवसाची साक्ष मिळू शकते. ओढ्याकाठी राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा लहानसहान लाभ नव्हे.

तथापि, या चित्राची दुसरी बाजू न पाहणे म्हणजे स्वतःची फसवणूक करून घेणे होय. यंत्र बोलू लागले म्हणजे ते खरेच बोलेल, असा नियम नाही. संवेदकावर मळ साचतो, तो जुना होतो, भलत्या जागी बसविला जातो. आणि मग तो खोटे आकडे मोठ्या आत्मविश्वासाने सांगत राहतो. सांडपाण्याचा संवेदक नळाच्या स्वच्छ पाण्यात बुडविला, तर तो स्वच्छ पाण्याचीच ग्वाही देईल. २०१० साली उजेडात आलेल्या ‘स्टक्सनेट’ नावाच्या दुष्ट आज्ञावलीने तर इराणमधील नातान्झ येथे भयंकर प्रकार केला. आत यंत्रे भलत्या वेगाने फिरून मोडत होती, आणि पडद्यावर मात्र पूर्वी टिपून ठेवलेले सुरळीत आकडे दिसत होते. पहारा करणारे निश्चिंत बसून राहिले. यंत्रांची परस्परांशी जोडणी ही जशी सोय, तशीच ती चोरवाटही ठरू शकते.

दुसरा प्रश्न ऐकण्याच्या हक्काचा. उसाच्या काट्याविषयी शेतकऱ्याच्या मनातील शंका जुनी आहे. आज पुष्कळ कारखान्यांत वजन होताच शेतकऱ्याच्या भ्रमणध्वनीवर संदेश येतो, ही चांगली गोष्ट आहे. पण लक्षात ठेवा: काटा चुकीचा असेल, तर संदेश ती चूकच अधिक वेगाने पोचवील. काटा खरा ठेवतो तो संदेश नव्हे. प्रमाणित वजने ठेवून वेळोवेळी केलेली तपासणी, आणि ती तपासणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याचा शेतकऱ्याचा हक्क. त्याचप्रमाणे कामगार किती वेळ थांबला, हे मोजता येते; मग यंत्र त्याला किती वेळ थांबविते, तो कोणत्या उष्म्यात उभा असतो, हेही त्याच वहीत मोजले जावयास हवे. जे आकडे एकाच बाजूस दिसतात, त्यांनी विश्वास वाढत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. पॅनमनचे डोळे आणि फिटरचा कान यांचे काम संवेदक करू लागला, तर त्या माणसांचे काय? काही कामे जातील, हे लपविण्यात अर्थ नाही. नवी कामेही निघतील. परंतु ती त्याच माणसांना आपोआप मिळतील असे नाही. म्हणूनच कामगारांचे नवे शिक्षण हा उपकार नव्हे, ती यंत्राच्या किमतीतच धरावयाची रक्कम आहे. आणि एक गोष्ट विसरता कामा नये. कोणती गोष्ट मोजावयाची, हे संवेदकास कोणी सांगितले? कंप बदलला म्हणजे बिघाड जवळ आला, हे प्रथम त्या फिटरच्याच कानाने ओळखले होते. जुन्या जाणत्या माणसांना विचारल्यावाचून जो कारखाना केवळ आकड्यांवर विसंबतो, तो पुष्कळ मोजतो आणि थोडे जाणतो.

विद्यार्थिमित्रांनो, आता प्रश्न आपला. आपल्यापैकी कोणी उद्या अभियंता होईल, कोणी औद्योगिक शिक्षण संस्थेत जाऊन यंत्रांची दुरुस्ती शिकेल, कोणी शेती करील. कन्नड, मराठी, उर्दू यांपैकी कोणतीही भाषा घरी असो, आकड्यांची ही भाषा प्रत्येकास थोडीबहुत यावयास हवी. तिचे शिक्षण मोठ्या शहरातच मिळते असे नाही. ते शाळेच्या प्रयोगशाळेतच सुरू होते. प्रयोगवहीत अगोदर पुस्तकातील उत्तर लिहावयाचे आणि मग त्यास जुळतील अशी निरीक्षणे मागाहून भरावयाची, ही खोड आपणांस नवी नाही. ही खोड क्षुल्लक वाटते. पण स्वच्छ पाण्यात बुडविलेला तो संवेदक आणि ही वही यांत तत्त्वतः काय अंतर आहे? दोन्ही ठिकाणी साधन निर्दोष असते, खोटा असतो तो हात. आपल्या उष्णतामापकाने ९८ अंश दाखविले, तर ९८ च लिहावे. १०० का आले नाहीत याचा शोध घ्यावा. त्या शोधातच विज्ञान आहे, आणि प्रामाणिकपणाही आहे.

यंत्रांना वाचा फुटली, ही आपल्या युगाची थोर सिद्धी आहे. परंतु त्या वाचेस सत्याची जोड देणे यंत्राच्या हाती नाही. ते आपल्या हाती आहे. बिदरच्या कारागिराची जीभ मातीविषयी खोटे बोलली, तर भांड्यावर काळा रंग चढत नाही. त्याची चूक त्याच्याच हातात दिसते. आकड्यांची चूक मात्र दुसऱ्या कोणाच्या ताटात, दुसऱ्या कोणाच्या ओढ्यात जाऊन पडते. म्हणून जी खरी पारख त्या कारागिराने जिभेवर जपली, ती आपण आपल्या नोंदवहीत जपावी. एवढे केले, तर उद्याच्या कारखान्यात बसणारी माणसे खरी असतील, आणि खऱ्या माणसांच्या हाताखालील यंत्रे सहसा खोटे बोलत नाहीत.